उखर्डू बिऱ्हाडेचं जलदान

मंदाबाईला नवऱ्याचं जलदान करायचं होतं, आणि नवरा चांगला धडधाकट होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका विहारात तो राहत होता, एकवेळ का होईना पोटभर जेवत होता आणि भिंतींवर अशी अक्षरं लिहीत होता की लोक गाड्या करून बघायला जायचे. तरी तिला त्याचं जलदान करायचं होतं. बौद्धांमध्ये माणूस गेल्यावर करतात तसं रीतसर. फोटोला हार, समोर मेणबत्ती, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, श्रद्धांजलीची भाषणं. आणि विधी घ्यायला भन्ते म्हणून तोच हवा होता.

"दुसरा कोणी आणलात तर मी ब्रशला हात लावणार नाही," ती म्हणाली.

रुपचंद नानांची बशी तोंडापाशीच थांबली. नाना विहार समितीचे अध्यक्ष, तहसील कचेरीतून रिटायर झालेले, सगळ्यांशी गोड बोलून काम काढून घेणारे. मंदाबाईच्या ओट्यावर ते आले होते निराळ्याच कामाला. एरंडोलच्या वस्तीत नवा विहार बांधून झाला होता. आतली मोठी भिंत भन्ते वण्णपाल लिहिणार होते. मधोमध ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही अंगांना पाली गाथा. पण भन्ते आता नुसती बाहेरची रेघ ओढत. अक्षराचं पोट भरायला, रंग बसवायला दुसरा हात लागायचा. फ्लेक्सवाल्या पोरांना कॉम्प्युटरपुढे हवं तेवढं बसवा, हातात ब्रश दिला की त्यांची पाचावर धारण बसते. ब्रश धरणारी अख्ख्या तालुक्यात एकच उरली होती, आणि ती ही.

"अहो मंदाबाई," नाना चाचरले, "पण भन्ते तर… म्हणजे ते तर…"

"कोण आहेत ते? सांगा की!"

नानांनी बशी खाली ठेवली. ते कोण आहेत हे सगळ्या एरंडोलला माहीत होतं. चिवर घालण्याआधी भन्ते वण्णपालांचं नाव उखर्डू बिऱ्हाडे होतं, आणि मंदाबाई त्यांची लग्नाची बायको होती.

"आमचे मालक वारले," मंदाबाई अगदी शांतपणे म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय मला तसं, स्वतःच्या तोंडाने. इतकी वर्षं झाली, बिचाऱ्यांचं जलदान राहूनच गेलं. तेवढं उरकून टाकू. दाराशेजारी त्यांच्या स्मरणार्थ एक पाटी पण लिहायची, तीही भन्तेंनीच. मग तुमची भिंत मी अशी भरून देते की बघत राहाल."

नाना अर्धा चहा टाकून गेले. मंदाबाईने उरलेला चहा मोरीत ओतला आणि बशी खसाखसा घासली, जणू बशीनेच काही वाकडं केलं होतं.

उखर्डू हे नाव कोणी हौसेने ठेवत नाही. त्याच्या आईची, तानुबाईची, आधीची पोरं जन्मली तशी गेली. हा झाला तेव्हा सुईणीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, आणि तानुबाईने तिथून कोणाचं तरी टाकलेलं पोर म्हणून उचलून आणलं. खानदेशात अशी पोरं उखर्डू होतात. नावच असं ठेवायचं की मरणाने वाकून बघितलं तरी नाक मुरडून पुढे जावं. गेलंही ते पुढे. पोरगं जगलं. शाळेत मात्र काही टिकलं नाही. फळ्यावरचा सुविचार गुरुजींनी पुसला की ह्याला रडू फुटायचं. अक्षर पुसलं म्हणून रडणारं पोर! तानुबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

मग त्याला जळगावला मोतीलाल पेंटरकडे चिकटवलं. मोतीलालची जीभ मिरचीसारखी. त्याने ह्याच्याकडून नुसत्या रेघा ओढून घेतल्या, उभ्या, आडव्या, गोल, महिनोन्‌महिने, आणि एक दिवस दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्या पोराच्या हातातच ओळंबा आहे. मला नाही जमलं ते ह्याला जमेल." मोतीलालने उभ्या जन्मात कोणाचं कौतुक केलं असेल तर तेवढंच.

एरंडोलला स्टँडसमोर टपरी उभी राहिली, 'उखर्डू आर्ट्स'. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, केळीच्या ट्रकांच्या पाठी आणि लग्नसराईत लग्नाच्या भिंती. लग्नघराच्या दर्शनी भिंतीला चुना मारायचा, त्यावर वेलबुट्टी, मोर, हत्ती आणि मधोमध नवरानवरीची नावं. लग्न होऊन जातं, मांडव उतरतो, त्या जोडप्याला पोरंबाळं होतात, तरी पुढच्या लग्नाचा चुना बसेपर्यंत ती नावं भिंतीवर राहतात. उखर्डूच्या हातची भिंत ज्या घराला मिळाली ते घर वर्षानुवर्षं मिरवायचं.

मंदाबाई लग्न होऊन आली ती महिनाभरातच त्याच्या मागे कामाला उभी राहिली. निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची, टण्‌कन सोडायची, भिंतीवर सरळ निळी ओळ. मग तो बाहेरची रेघ ओढत पुढे जायचा आणि ती मागून अक्षरांची पोटं भरत यायची. तिच्या खांद्यावर टर्पेन्टाईनचा फडका. ऑईल पेंटचा ब्रश कुठे जरा थबकला की थेंब सुटतो आणि खाली ओघळतो. ओला असेतो पुसला तर पुसला. कोरी भिंत तहानलेली असते, तिने ओघळ पिऊन टाकला की तो जन्माचा. उखर्डूचा ब्रश सहसा थबकायचा नाही, पण थबकला तर तो मागे वळून बघायचा नाही. रेघेवरची नजर न काढता नुसता डावा हात मागे करायचा, आणि हातात फडका यायचा. कधी मागावा लागला नाही. बाजारातल्या बाया हसायच्या, "काय गं, बोलता तरी का एकमेकांशी?" बोलायची गरजच काय होती? हात मागे आला की तिला कळायचं. तिला वाटायचं, संसार म्हणतात तो हाच. मूर्ख होती, दुसरं काय!

पाटीच्या कोपऱ्यात सही मात्र त्याची. तिचं नाव कधी कुठल्या पाटीवर आलं नाही. तेव्हा ते खुपलं नव्हतं. पुढे खुपलं, आणि एकदा खुपायला लागल्यावर सगळंच खुपलं.

दिपमाला झाली, चालायला लागली, रंगाच्या डब्यात हात घालायला लागली. तेवढ्यात हा ट्रकवाल्यांबरोबर अजिंठ्याला जाऊन आला. आला तो गप्प. भाकरी पुढ्यात तशीच. मंदाबाईने विचारलं तर म्हणाला, "तिथं एवढ्या भिंती रंगवल्यात गं, पण सही कोणाचीच नाही."

"मग?"

"मग काही नाही."

काही नाही म्हणे! तिथून त्याचं चित्त उडालं. दुकानाच्या पाट्यांच्या पाठीवर बुद्धाचे डोळे काढायचा. सायकलवाल्याने पाटी उलटी करून बघितली तर मागून बुद्ध त्याच्याकडे बघतोय. गिऱ्हाईक हसायचं, मंदाबाईही हसायची. मग धुळ्याला श्रामणेर शिबिर लागलं. त्यात नवल काहीच नव्हतं. वस्तीतले कितीतरी बाप्ये जायचे. दहा दिवस मुंडण करून चिवर घालायचं, शीलं पाळायची, एकवेळ जेवायचं, आणि शिबिर संपलं की चिवर उतरवून, शर्टपँट घालून, चकोट डोकं टोपीखाली लपवत घरी यायचं. मंदाबाईनेच त्याची पिशवी भरली. परतायच्या दिवशी त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, वरून कांद्याची पात. बाकीचे सगळे आले. भरीत मात्र झाकूनच राहिलं.

ती सासूला आणि पोरीला घेऊन धुळ्याला गेली. तो लिंबाखाली बसला होता, चिवर खांद्यावरून नीट घेतलेलं. तानुबाईला स्वतःच्या पोटच्या पोराच्या पाया पडावं लागलं, कारण तो आता भन्ते होता. दिपमालाने हाक मारली, "पप्पा." त्याने खाली बघितलं. लिंबाची एक वाळकी काडी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "उखर्डू मेला असं समजा."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. मेला! मरणाला फसवून उकिरड्यावरून उचलून आणलेलं पोर, आणि ते आपल्याच तोंडाने सांगतंय, मेला असं समजा. ते वाक्य मंदाबाईने पदराच्या गाठीला बांधलं आणि परतीच्या एसटीत पारोळा येईपर्यंत ती गाठ मुठीत आवळून बसली.

त्यानंतर टपरी तिने चालवली. सासू तिच्याच पदरात, पोर तिच्याच पदरात. मेलेल्या माणसाची आई कोण सांभाळतं, ते कोणी भन्तेंना विचारलं नाही. बाहेरची रेघ ओढायला ती आपली आपण शिकली. उखर्डूसारखी कधी आली नाही, पण शेतकऱ्याला ट्रॉलीवर नाव वाचता येण्याशी मतलब. ग्रामपंचायतीच्या भिंतींवर तिने पोलिओच्या तारखा लिहिल्या, शाळांवर पाढे लिहिले, ऐन वैशाखात पाण्याच्या टाकीवर चढून गावाचं नाव लिहिलं. मग फ्लेक्स आला आणि तेही संपत गेलं.

आणि तिकडे त्याचं नाव होत होतं. हे तिला लोक आणून आणून सांगायचे, आणि मेल्यांना वाटायचं तिला बरं वाटेल. गुरूंनी नाव वण्णपाल ठेवलंय म्हणे, पालीत वण्ण म्हणजे रंग. अशोकाच्या काळातली धम्मलिपी शिकलेत म्हणे. डोंगरातले पावरा लोक त्यांना रंगीत माती आणून देतात, गेरू, पिवडी, ते स्वतः वाटतात, गाळतात, डिंकात मिसळतात. नवी भिंत आली की आधी काही दिवस नुसतं तिच्यासमोर बसतात. आणि लिहितात तेव्हा पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, मागे कोण उभं आहे याचं भान नसतं. सही करत नाहीत म्हणे कुठेच.

"भान नसतं ते मला ठाऊक आहे," मंदाबाई म्हणायची. "त्यात नवीन काय?"

हेसुद्धा तिने गिळलं असतं. माणूस रंगात बुडाला, धम्मात बुडाला, बुडू दे. पण पुढे दिपमालाचं लग्न ठरलं, पारोळ्याच्या किरणशी. पोरगा चांगला, घर चांगलं. दिपमाला लहानपणापासून एकच गोष्ट बोलत आलेली, "माझ्या लग्नाची भिंत पप्पा लिहितील." मंदाबाईने अभिमान गिळला आणि निरोप धाडला. नवरा म्हणून येऊ नका, बाप म्हणून येऊ नका, भन्ते म्हणूनच या, एक दिवस या, पोरीच्या लग्नाची भिंत लिहा आणि जा. जेवायलाही थांबू नका. निरोप उलटा आला की भिक्खूने लग्नकार्यात हात घालू नये असा नियम आहे.

नियम! ज्या हाताने अर्ध्या तालुक्याच्या लग्नांना नावं दिली, त्याला स्वतःच्या पोरीचं नाव नियमात बसेना!

मग मंदाबाई स्वतः स्टुलावर चढली. मे महिना, चुना मारलेली भिंत तापून तहानलेली. 'मंगल परिणय' जमलं, किरणचं नाव जमलं. 'दिपमाला' लिहायला घेतलं आणि पहिल्याच अक्षरावर हात थबकला. द च्या शेपटीतून थेंब सुटला. तिने सवयीने खांदा चाचपला. फडका खांद्यावर नव्हता, खाली डब्यापाशी होता, आणि द्यायला मागे कोणी नव्हतं. ती खाली उतरेपर्यंत भिंतीने ओघळ पिऊन टाकला होता. वऱ्हाडातली एक बाई दुसरीला म्हणाली, मंदाबाईला ऐकू जाईल एवढ्या बेताने, "बापाच्या हातची भिंत असती तर शोभली असती." दिपमालाने ऐकलं आणि ओठ दाताखाली धरला. ते काही मंदाबाई विसरली नाही. त्या भिंतीला तिने पुन्हा चुना लावलाच नाही. दिपमालाला पोरं झाली तरी भिंतीवर तिचं नाव आणि त्याखालचा तो ओघळ आहे तस्सा. सकाळी दार उघडलं की आधी तो दिसायचा आणि मग दिवस सुरू व्हायचा.

म्हणून नाना ओट्यावर आले तेव्हा तिला काही विचार करावा लागला नाही. गाठ सोडायचा दिवस आपल्या पायाने चालत आला होता.

तानुबाईला कळलं तेव्हा म्हातारीने घर डोक्यावर घेतलं. डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत.

"मन्हा पोऱ्याले मी मरनपासून लपाडं, अन तू त्यान्हं जलदान करस? तो जित्ता शे ना व माय!"

"जित्ता शे तं कोठे शे? दखाडा ना माले," मंदाबाई म्हणाली, आणि म्हातारीच्या ताटात भाकरी कुस्करून दूध घातलं. म्हातारी रडत रडत जेवली.

चार दिवसांनी नाना आले ते घाम पुसतच.

"भन्ते येतो म्हणाले."

"आणि?"

"आणि काही नाही. सगळं सांगितलं मी, जलदान, पाटी. बरं म्हणाले."

बरं म्हणाले! मंदाबाईला वाटलं होतं तो चिडेल, टाळेल, नियम काढेल, निदान नानांच्या हाती चार शब्द पाठवील. त्याने सगळं 'बरं' एवढ्यात उरकलं. त्या दिवशी तिला भाकरी गोड लागली नाही.

जलदानाला गर्दी झाली, म्हणजे किती सांगू! खऱ्या मयताला इतकी माणसं येत नाहीत. जळगावहून आली, अमळनेरहून आली, पांढरे कपडे घालून आणि मोबाईल चार्ज करून आली. नव्या विहारात अजून रंगाचा आणि सिमेंटचा वास होता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मंदाबाईने उखर्डूचा फोटो ठेवला होता, लग्नानंतरच्या वर्षातला. दाट मिशी, फुलाफुलांचा शर्ट, कानावर ब्रश अडकवलेला. तिने स्वतः हार घातला, मेणबत्ती लावली. दिपमाला पारोळ्याहून आली होती. ती आईला म्हणाली होती, "मला मध्ये घेऊ नको," पण येऊन पहिल्या रांगेत बसली.

भन्ते रिक्षातून उतरले. मंदाबाईने मान वर केली आणि क्षणभर चुकल्यासारखं झालं तिला. इतकी वर्षं तिने मनातल्या मनात ज्याच्याशी भांडण केलं तो मिशीवाला होता. हा तर बरगड्या दिसणारा, चष्मेवाला म्हातारा. तिला स्वतःचाच राग आला. म्हातारा झाला तर झाला, कोण नाही होत? ती काय षोडशा राहिली होती?

भन्ते आसनावर बसले, बरोबर फोटोच्या शेजारी. तानुबाईला नातीने पुढे आणून बसवलं. म्हातारीने फोटोकडे पाठ केली आणि भन्तेंकडे तोंड करून बसली. त्रिशरण पंचशील झालं, परित्राणपाठ झाला. त्याचा आवाज चांगला होता, घडवलेला. उखर्डूला चार माणसांत चार शब्द बोलता येत नसत.

मग श्रद्धांजली. नाना उठले. "कालकथित उखर्डू बिऱ्हाडे हे अत्यंत… हे अत्यंत गुणी कलावंत होते. आहेत. होते. म्हणजे त्यांच्या जाण्याने…" नानांनी भन्तेंकडे बघितलं आणि रुमालाने तोंड पुसून खाली बसले. मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. तानुबाईचा संयम तिथेच संपला.

"अरे तो समोर बठेल शे! आंधळा हुई ग्यात का बठ्ठा?"

कोणी हसलं नाही मग. मंदाबाई उठली. माईक नको म्हणाली.

"मयताबद्दल चांगलंच बोलायचं असतं," तिने सुरुवात केली. "तर चांगलं सांगते. हात चांगला होता. तेवढंच चांगलं होतं. दहा दिवसांवर जातो म्हणून गेला आणि वारला. कोणत्या रोगाने वारला ते डॉक्टरला नाही कळायचं. आई मागे ठेवली, तिचं हागणंमुतणं मी काढलं. पोर मागे ठेवली, ती शाळेत बापाच्या नावाच्या जागी काय लिहू म्हणून विचारायची. आजारी पडला असता तर मी सेवा केली असती. दारू प्यायला असता तर ओढून घरी आणलं असतं. दुसरी बाई केली असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. ह्याने असं काही केलं की लोक त्याच्याच पाया पडायला लागले, आणि मी तोंड उघडलं तर मीच वाईट! बुद्धाशी मी कशी भांडू? सांगा ना कोणी! माझं बुद्धाशी भांडण नाही. पोरीने लग्नाला एक भिंत मागितली होती. सोनं नव्हतं मागितलं. एक भिंत. मेलेल्या माणसाने तेव्हा नियम सांगितला." तिने हाराखालच्या फोटोकडे बोट केलं. "असा मेला उखर्डू बिऱ्हाडे. त्याला शांती मिळो का न मिळो, मला नाही मिळाली. जय भीम."

दिपमालाने तोंडाला पदर लावला होता. सगळे भन्तेंकडे बघत होते.

भन्तेंनी धम्मदेसना दिली. जन्मलेला जाणारच, तृष्णा दुःखाचं मूळ, सगळं अनित्य. पन्नास मयतांना दिली असेल तीच, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. ना डोळ्यात पाणी, ना गळ्यात आवंढा. मंदाबाई दात-ओठ खात बसली. इतक्या वर्षांचं सगळं जिवाच्या आकांताने ओकली ती, आणि ह्याच्या चिवराची घडीसुद्धा मोडली नाही. भिंतीशी बोलली असती तर भिंतीला तरी पोपडा आला असता.

पाटी राहिली होती. दाराशेजारी नव्या गिलाव्यात एक कोरी चौकट मोकळी ठेवली होती, जाणारा-येणारा प्रत्येक जण वाचील अशी. मजकूर नानांनी कागदावर दिला. 'कालकथित उखर्डू बिऱ्हाडे यांच्या स्मरणार्थ, पत्नी मंदाबाई व कन्या दिपमाला'. भन्तेंनी वाचला, कागद परत दिला. निळीची सुतळी आणली होती. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं धरायला नाना पुढे झाले, पण मंदाबाईने ते नानांच्या हातून काढून घेतलं. ताणली, सोडली. टण्‌. भिंतीवर ओळ उमटली, सरळसोट.

भन्तेंनी ब्रश बुडवला. गर्दी मागे थबकून उभी. मंदाबाई आपल्या जागी, एक पाऊल मागे, खांद्यावर फडका. भरायचं काम तिचं होतं, तिथेच उभं राहावं लागतं.

'कालकथित'. रेघ लोण्यातून गेल्यासारखी. 'उखर्डू'. स्वतःचं नाव, कित्येक वर्षांनी, आणि तेही मेलेलं. हात हलला नाही. ड चं पोट, र्‌ ची जोड, ऊकाराची शेपटी, सगळं एका दमात. लोकांच्या तोंडून 'वा' निघालं. मंदाबाईला वाटलं, ओरबाडावा हा हात. 'पत्नी मंदाबाई'. तिचं नाव त्याने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. छान लिहिलं. दुकानाच्या पाटीइतकं छान. 'व कन्या'.

आणि ब्रश थांबला.

भिंतीपासून बोटभर अंतरावर तो थांबला. मग टेकला, द ची रेघ ओढली, शेपटीपाशी आला आणि तिथेच राहिला. पुढे जाईना, मागे येईना. मागून कोणाला काय कळलं नसेल, पण मंदाबाईने ह्या हाताच्या मागे जन्म काढला होता. हा हात नुसता थबकला नव्हता, अडला होता. शेपटीच्या टोकाला रंग जमला, फुगला आणि सुटला. थेंब भिंतीवरून खाली ओघळायला लागला.

भन्तेंनी नजर काढली नाही. डावा हात मागे आला. उघडा, तळवा वर केलेला.

मंदाबाईचा हात आपोआप खांद्यावर गेला. फडक्यावर तिची बोटं मिटली. टर्पेन्टाईनचा वास आला. तिच्या डोळ्यांसमोर स्टँडसमोरची टपरी आली, ट्रॉलीच्या मागे उभी असलेली ती स्वतः आली, आणि मग घराच्या भिंतीवरचा तो ओघळ आला. बोटं तशीच मिटलेली राहिली.

मागे आलेला हात वाट बघत राहिला. नाना धांदरटासारखे खिशातला रुमाल काढून पुढे धावले.

"हात लावू नका नाना," ती म्हणाली. "ते माझं काम आहे."

आणि ती उभी राहिली.

भन्तेंनी मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते काम चालू असताना मागे वळले. चष्म्याआडचे डोळे भरून आले होते, आणि हे डोळे भन्तेंचे नव्हते, ते तिने ओळखले.

"फडका," ते पुटपुटले. "मंदे, वाळतोय."

"फडका मी उखर्डूला द्यायची, भन्ते," मंदाबाई म्हणाली. "तो मेला ना?"

कोरी भिंत तहानलेली होती. तिने ओघळ पिऊन टाकला, दिपमालाच्या नावाखाली, घरच्या भिंतीवर होता तसाच. भन्तेंनी मागे केलेला हात हळूच पुढे घेतला आणि उरलेली अक्षरं पुरी केली. सही करायची त्यांना सवय नव्हती, आणि ह्या पाटीला तिची गरजही पडली नाही.

मंदाबाईने फडक्याची घडी घालून पिशवीत टाकली, डब्यातला मोठा ब्रश घेतला आणि पहिल्या अक्षरापासून पोटं भरायला सुरुवात केली.